खुंटीवरचा गाऊन

मालवणच्या बाजारपेठेत एका मेडिकलच्या दुकानात अनुजा काउंटरमागे उभी असते. डी.फार्म. झालेली आहे, आणि आचऱ्याला तिच्या वाडीत तिला 'औषधवाली' म्हणूनच ओळखतात. दुपारी जेवायच्या वेळेला वाडीतून कुणाचा तरी फोन येतोच. पिवळी गोळी जेवणाआधी की जेवल्यावर? अनुजा गोळीचं नाव वाचायला लावते, एकदा वाचलं की पुन्हा वाचायला लावते. फोन ठेवते, डबा उघडते, दोन घास खाते आणि आपणच उलट फोन करते, "काकी, रक्त पातळ होवची गोळी चालू नाय ना तुमका?" गॅस बंद केला की नाही हे बघायला ती एसटीच्या थांब्यावरून घरी परत गेलेली आहे, आणि गॅस दर वेळी बंदच होता.

लहान मुलांच्या आया सिरपची बाटली हातात घेतल्या घेतल्या विचारतात, "कडू नाय ना गो?" अनुजा खरं काय ते सांगते. कडू असेल तर कडू म्हणते. वर एक सल्लाही देते, कुणी मागितलेला नसला तरी. "पेजेत घालून फसवून देव नकात. कडू आसा म्हणान सांगा आणि द्या. एकदा फसला काय पोर चमचो बघूनच तोंड फिरवता."

तिची मुलगी शमिका दोन वर्षांची व्हायला आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

शमिका पहाटे उठायची. कोंबडं आरवायच्याही आधी, बाहेर माडांचे शेंडे अजून काळेच असताना. रडत नसे. अंधारात उठून बसायची, आईच्या गालावर चापट मारायची आणि म्हणायची, "आई, दुदू." अनुजा झोपेतच गाऊनची चेन उघडायची आणि गळ्याची कड दातांत धरायची. ही सवय शमिका अगदी तान्ही असतानाची. गाऊनचं कापड मुलीच्या नाकावर पडेल, तिचा श्वास कोंडेल, आणि आपल्याला झोप लागलेली असेल, या भीतीने तिने पहिल्या आठवड्यात कड दातांत धरली ती धरलीच. शमिका प्यायची, आणि पिता पिता आईच्या कानाची पाळी दोन बोटांत घेऊन चोळत राहायची. कधी अर्धा तास, कधी पाऊण. उजाडेपर्यंत दोघी तशाच.

वाडीतल्या बायकांना हे माहीत होतं, कारण सासू सुशीलाबाई विहिरीवर सांगायच्या. "दात इले, बोलूक लागली, कालवणाचो रस्सो चाटता, आणि अजून अंगावर पिता. आमच्या वेळेक दुसरा पोर पोटात आसायचा इतक्यात." कुणी म्हणायचं, रात्री पेज जास्त दे. कुणी म्हणायचं, उठली की पाणी दे. अनुजाने सगळं करून पाहिलं होतं. झोपताना दाट पेज दिली, खिडकीला जाड पडदा लावला, पाण्याचा पेला उशाशी ठेवला. शमिका पेला बघायची, त्यातलं घोटभर पाणी सभ्यपणे प्यायची, आणि म्हणायची, "आता दुदू."

मनातली गोष्ट मात्र अनुजाने कुणाला सांगितली नव्हती. सकाळी आठच्या एसटीने ती जायची, ती संध्याकाळी दिवेलागणीनंतर यायची. दिवसभर शमिका आजीची. आंघोळ आजीची, जेवण आजीचं, पडली तर फुंकर आजीची. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा अनुजा खोकल्याची बाटली पिशवीत घालत होती. पहाटेचा तेवढा वेळ तिचा एकटीचा होता. दूध तोडायचं हे तिलाही कळत होतं. वाढदिवस होऊ दे, मग आपल्या हाताने, आपल्या गतीने, मुलीला सांगून तोडायचं, असं तिने ठरवलं होतं. सासूला आणि नवऱ्याला ते तिने स्पष्ट सांगितलंही होतं. दोघांनी मान डोलावली होती.

नवरा म्हणजे गुरुप्रसाद. त्याचा मासळीचा टेम्पो आहे. संध्याकाळी बंदरावर लिलाव झाला की मासळी बर्फात भरून ठेवायची आणि पहाटे निघायचं, कणकवली, फोंडा, घाट चढून कोल्हापूर. तिकडच्या खानावळी त्याची वाट बघत असतात. बोलायला मऊ माणूस. आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. घाट चढून वर पोचला की तो अनुजाला मिस्ड कॉल देतो. दोनदा वाजवून कापायचा. टेम्पो घेतला तेव्हापासूनची पद्धत, अनुजाच्या काळजीवर काढलेला तोडगा. तो फोन वाजला की तिचा दिवस सुरू होतो.

शमिका पोटात होती तेव्हा गावपळण आली होती. देवाचा कौल झाला की आचऱ्याचा सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो आणि तीन रात्री रानात, माळावर झोपड्या बांधून राहतो. अनुजा फोंडाघाटची, तिला हे नवीन. झोपडीत झावळ्यांवर ती आडवी पडली होती, पाय सुजले होते, आणि गुरुप्रसाद कोमट पाण्याने तिचे पाय शेकत होता. तेव्हा तिने मनातलं बोलून टाकलं. "तुमच्या घरात सगळा चुलीकडे ठरता. तू नि आये बोलतास आणि माका शेवटी कळता. माझ्या बाबतीत चलात. पण पोराच्या बाबतीत आधी माका सांगूचा."

गुरुप्रसाद हसला. "पयला तुकाच सांगतलंय."

"वचन?"

"देवाच्या कौलार भायर पडलेले आसंव, अनू. हंय कोण खोटा बोलता?"

अनुजाच्या मनात ते वचन तिथल्या धुरासकट, शेजारच्या झोपडीतल्या भजनासकट राहिलं होतं.

त्या वर्षी थंडीत अनुजाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. आई फोंडाघाटला एकटी राहते, वडील जाऊन बरीच वर्षं झाली. ऑपरेशन कणकवलीला, मग दोन रात्री तिच्याजवळ राहायचं. शमिकाला न्यायचं की नाही यावर अनुजाने बराच घोळ घातला. पोर आजीच्या डोळ्याची पट्टी ओढेल, हे खरं होतं. पण पहाटे?

"पाटेचा मी बघतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "पेज देतलंय. गोष्ट सांगतलंय. तू गेलंस काय पोरा आपसूक शानी जातत."

"पण दूध तोडूचा नाय हां, आये. मी इल्यार पाजतलंय."

"मी कशाक तोडू? माका काय दूध आसा?" असं म्हणून त्या हसल्या, आणि अनुजाही हसली.

गुरुप्रसादने तिला टेम्पोतून सोडलं. वाटेत म्हणाला, "दोन कित्याक, तीन रात्री रव. आवशीक बरा वाटात. दुकानात सांग, दुसरी पोरगी बघतली." अनुजाला भरून आलं. आपल्या आईची इतकी काळजी करणारा नवरा किती जणींना मिळतो, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते आईला सांगितलंही. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईने नुसतं "हं" केलं. पुढे आईच म्हणाली, "रव गो तिसरी रात्र. जावई म्हणताहा ना."

फोंडाघाटला पहाटे अनुजाला आपोआप जाग यायची. छाती दगडासारखी व्हायची, गाऊनऐवजी घातलेला जुना ड्रेस भिजून जायचा. ती मागच्या दारी जाऊन पिळून दूध काढायची. आईने बजावलं होतं, मोरीत टाकू नको, झाडाच्या मुळात घाल. म्हणून ती काळोखात शेवग्याच्या बुंध्याशी वाकून उभी राहायची, आणि घाटातून वर चढणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायची. यातली एक गाडी आपल्या माणसाची, असं वाटून तिला बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. शमिका धावत येऊन पायांना बिलगली. बाहुली दाखवली, गुडघ्याला लागलेलं दाखवलं, मांजराने काय केलं ते हातवारे करून सांगितलं. अनुजाचा जीव भांड्यात पडला. रात्री तिने खुंटीवरचा आपला गाऊन घातला, तो चॉकलेटी रंगाचा, बारीक पांढऱ्या फुलांचा. जाताना अंगातून काढून, न धुता तसाच टांगून गेली होती. गाऊनला खोबरेलाचा वास येत होता. शेजारच्या खुंटीवर सासूचं लुगडं असतं, त्याचा लागला असेल, असं तिला वाटलं. धुवायला हवा होता, पण शमिकाला झोपवायची घाई होती.

पहाटे शमिका उठून बसली. अनुजा जागीच होती. तिने चेन उघडली आणि हात पुढे केला.

शमिका जवळ आली नाही. तिने गाऊनला बोट लावलं आणि मागे घेतलं. "कडू," ती म्हणाली.

"काय कडू, बाय?"

"आई कडू."

मग ती पलंगावरून पोटावर घसरत खाली उतरली, आणि अंधारातून पाय घासत आजीच्या खोलीत गेली. आतून सुशीलाबाईंचा आवाज आला, "इलंस? ये माझ्या सोन्या."

अनुजा उघड्या छातीने तशीच बसून राहिली. छातीतून दूध ठिबकत होतं. कितीतरी वेळ तिला चेन लावायचंही सुचलं नाही.

त्या दिवशी दुकानात तिने स्वतःवरच संशय घ्यायला सुरुवात केली. तीन दिवस दूध साचलं म्हणून नासलं असेल. फोंडाघाटला डोकेदुखीची गोळी घेतली होती, तिची चव उतरली असेल. ती शिकलेली होती, असं होत नाही हे तिला माहीत होतं, तरी मोबाइलवर ती शोधत राहिली. डब्यातलं सुंगटाचं, कोळंबीचं कालवण तिने तसंच परत नेलं आणि रात्री नुसती मऊ पेज खाल्ली. आपल्यातच काहीतरी बिघडलं आहे, आणि ते मुलीच्या जिभेला कळलं आहे.

तिने गुरुप्रसादला सांगितलं. तो टेम्पोचं बॉनेट उघडून उभा होता.

"कडू म्हणता? अशीच म्हणत आसतली," तो आत डोकं घालून म्हणाला. "बरा झाला ना पण. आपोआप सुटला."

"आपोआप कसा सुटात?"

"पोरांचा काय सांगू शकत नाय." त्याने डोकं बाहेर काढलं नाही.

त्यानंतरच्या पहाटे अनुजा शमिकाच्या आधी उठली. तिने ठरवलं होतं, मुलगी पूर्ण जागी व्हायच्या आत, अर्धवट झोपेत तिला जवळ घ्यायचं. चेन उघडली, आणि सवयीने गळ्याची कड दातांत धरली.

जिभेला कड लागली आणि तिच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. नुसतं कडू नव्हे, घशापर्यंत उतरणारं, गिळलं तरी न जाणारं. तिने कड तोंडातून काढली, पुन्हा जिभेला लावली. या भागात वाढलेल्या कुणालाही ती चव ओळखायला दिवा लागत नाही. ताप आला की नाक दाबून पाजतात ते किराईत. सुशीलाबाईंची जुडी मागच्या पडवीत वाशाला टांगलेली असते. इथे बायका दूध तोडताना तेच उगाळून छातीला लावतात. पण लावते ती आई. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगाला.

अनुजाने गाऊन चाचपला. चेनच्या दोन्ही बाजूंना कापड कडक झालं होतं. खोबरेलाचा वास कुठून आला तेही आता कळलं. हा गाऊन ती नसताना कुणीतरी अंगात घातला होता.

अंगणात गुरुप्रसाद टेम्पोवर ताडपत्री बांधत होता. अनुजा तशीच बाहेर गेली, आणि गळ्याची कड त्याच्यापुढे धरली.

"चाटून बघ."

त्याने चाटलं नाही. हातातली दोरी एकदा आवळली, सोडली, पुन्हा आवळली. "आयेन सांगल्यान तुका?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

अनुजा रागावली की तिची बोली जाते आणि शाळेतली मराठी येते. गुरुप्रसाद त्या मराठीला घाबरतो. तो टेम्पोच्या पायरीवर बसला.

"माझो डोळो लागलो, अनू," तो म्हणाला. "दाजीपुराच्या अलीकडल्या वळणार. चाक कठड्याक घासला तेव्हा जाग इली. शमू उठता, तुमी दोगी बोलतास, माझी शेवटची झोप जाता. वर्सभर असांच चलला. मगे घाटात…"

"कधी झालं हे?"

"म्हयनो झालो."

"त्या दिवशी मिस्ड कॉल दिला होतास?"

त्याने दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, "दिलंय."

दोनदा वाजला असेल, कापला असेल. तिनेही निश्चिंत होऊन एसटी पकडली असेल. तो दिवस कुठला हे तिला आठवेना. सगळे मिस्ड कॉल सारखेच होते.

"महिनाभर तू मला सांगितलं नाहीस. आईंना सांगितलंस."

"तुका सांगलंय असतंय तर तू रोज घाट चढापर्यंत जीव मुठीत धरून बसली असतंस. तुझो स्वभाव माका म्हायत नाय?"

"मी शमूला घेऊन पडवीत निजले असते," अनुजा म्हणाली. "तुला आतल्या खोलीत दार लावून झोपायला दिलं असतं. एवढंच केलं असतं मी."

गुरुप्रसादने तिच्याकडे पाहिलं. हे एवढं सोपं उत्तर त्याला सुचलंच नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि अनुजाला त्याचा जास्त राग आला.

"झोपडीत काय बोलला होतास?"

"बर्फ वितळता," तो म्हणाला आणि चढून बसला. टेम्पो वळून रस्त्याला लागला.

मागे वळली तर दारात सुशीलाबाई. हातात काळ्या चहाचा पेला, खांद्यावर पदर नीट घेतलेला. लपवायचं त्यांच्या तोंडावर काही नव्हतं.

"तेका कशाक झापतंस सकाळीच? गाडी चालवचा माणूस. माका इचार. गाऊन मी घातलंय."

"तुम्ही."

"मगे कोण? जल्मात कधी गाऊन घालूक नाय मी. ती मेली चेन लावताना कातडा चिमटला माझा, बघ हंय." त्यांनी खरंच पदर बाजूला केला. "किराईत उगाळलंय, फासलंय, आणि तुझ्या जाग्यार निजलंय. पोर उठली, दुदू म्हणाली. मी म्हटलंय काय नाय, नुसती चेन उघडलंय. बोललंय असतंय तर आवाज वळखल्यान असतो."

"तिने ओळखलं कसं नाही?"

"गाऊन तुझो ना. न धुतलेलो. तुझो वास. म्हणान तर दुसऱ्या रात्री पण धुवक नाय मी."

अनुजाने दाराच्या चौकटीला हात टेकला. "रडली?"

"पयल्या रात्री रडली. आई कडू, आई कडू करीत. दिवो लावन पेज दिलंय. दुसऱ्या रात्री वायच चाटून बघल्यान नि गप झाली. तिसऱ्या रात्री इचारूक नाय." त्यांच्या आवाजात काम वेळेत उरकल्याचं समाधान होतं. "तुझ्या हातून वर्सभरात झाला नसता."

"तिला वाटलं, मीच होते."

"मगे काय, तसांच वाटूक होया होता. नाय तर दूध तुटला असता कसा?"

"मला विचारायचं होतं, आये."

"इचारलंय असतंय तर होय म्हटलं असतंस?"

"नाही."

"मगे?" सुशीलाबाईंनी पेला पुढे केला. "चाय घे. आणि माझ्यार एकट्यार राग धरू नको. तुझ्या आवशीकय फोन केल्लंय मी आधी. ती म्हणाली, करा, आमचा चेडू स्वताहून करूचा नाय."

अनुजाने चहा घेतला नाही. उजाडल्यावर तिने फोंडाघाटला फोन लावला. आईने डोळ्याचं सांगायला सुरुवात केली, आता कॅलेंडरवरची तारीख दिसते, भिंतीवरची पाल दिसते.

"आई, तिसरी रात्र राहा म्हणालीस ते डोळ्यासाठी नव्हतं?"

मग आई म्हणाली, "डोळ्यासाठीपण होताच ना गो."

काळ्या चष्म्याआड आई कशी दिसत होती ते अनुजाला आठवलं. काळोखात शेवग्याच्या बुंध्याशी आपण दूध पिळत होतो तेव्हा ही आत जागी होती. झाडाच्या मुळात घाल, एवढंच बोलली होती.

आठच्या एसटीची वेळ झाली. शमिका न्हाऊन, केसांना तेल लावून आजीच्या कडेवर होती. रजा नव्हती. पाळणाघर वाडीत नाही. आईकडे मुलगी पाठवावी तर आईही त्यातलीच. तिने शमिकाचा पापा घेतला. मुलगी आजीच्या गळ्यात हात टाकून हसत होती.

"जा तू," सुशीलाबाई म्हणाल्या. "गाडी चुकात. हिची काळजी करू नको."

त्यांनी हे रोजच्यासारखंच म्हटलं, आणि अनुजाने रोजच्यासारखीच मान हलवली.

संध्याकाळी येऊन तिने गाऊन साबणात बुडवला. घासला, पिळला, पुन्हा बुडवला. चेनची पट्टी नखाने खरवडली. मग तो मागच्या दारी, जिथे बायकांचे गाऊन वाळत घालतात तिथे न घालता तिने पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा दोरीवर घातला. सुशीलाबाईंनी तो काढून मागे नेला. अनुजाने पुन्हा पुढे आणून घातला. शेजारची बाबली कुंपणापलीकडून म्हणाली, "काय गो अनुजा, गाऊन लिलावाक काढलंस?" अनुजा म्हणाली, "होय, कोण घालता बघतंय." सुशीलाबाई आत गेल्या.

त्या रात्री तिने पडवीत अंथरूण घातलं, आणि शमिकाला तिथे घेऊन निजली. गुरुप्रसाद आतल्या खोलीत एकटा झोपला. दार लावायला तिने सांगितलं नाही, त्याने आपणहून लावलं.

पहाटे शमिका उठून बसली. अनुजाही उठून बसली. तिने जुना ड्रेस घातला होता. मुलीने हात पुढे केला नाही, पण गेलीही नाही. अंधारात आईकडे बघत राहिली.

"आई कडू?" तिने विचारलं.

काय सांगावं? आजीने केलं, असं सांगितलं तर ही दिवसभर त्याच आजीच्या हातची पेज खाणार. आणि काहीच न सांगणं म्हणजे ते आपणच केलं असं कबूल करणं. दुकानात बायकांना दिलेला सल्ला तिला आठवला. खरं सांगायचं. त्यातलं जेवढं या वयाला पेलेल तेवढं तरी.

"आई कडू नाय, बाय. गाऊन कडू झालेलो. आई थंय नव्हतीच."

शमिका विचार करत होती. अनुजाने बोटावर दुधाचा थेंब घेतला आणि स्वतः चाटला. मग दुसरा थेंब घेऊन बोट पुढे धरलं, आणि थांबली. शमिकाने बोट हातात धरून जवळून पाहिलं, वास घेतला. जिभेचं टोक लावलं, झटकन मागे घेतलं, मग पुन्हा लावलं.

"गोड," ती म्हणाली.

अनुजा वाट बघत राहिली. शमिका जवळ आली, आईच्या छातीवर डोकं टेकलं. पण तोंड नाही, कान. हात वर नेऊन आईच्या कानाची पाळी शोधली, दोन बोटांत धरली, आणि चोळता चोळता झोपून गेली. दूध ड्रेसमधून झिरपून मुलीच्या केसांना लागलं. तिने ते मागितलंच नव्हतं. दूध सुटलं होतं. कसं सोडायचं हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आईलाही नाही.

आतलं दार उघडलं. गुरुप्रसाद चपला हातात घेऊन पडवीत आला, दोघींकडे बघत उभा राहिला.

"निजली?"

अनुजाने मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"येतंय मी," तो म्हणाला. निघताना 'जातंय' म्हणत नाहीत. रोज या शब्दावर ती "सावकाश" म्हणते, आणि ते ऐकल्याशिवाय तो पायरी उतरत नाही. आज तो बराच वेळ पायरीवर थांबला. मग उतरला. टेम्पो सुरू झाला, वळला, आवाज लांब गेला.

अनुजा झोपली नाही. आता कणकवली. आता फोंडा, आईच्या दारावरून. आता घाट लागला असेल. मुलीचं डोकं छातीवर, फोन हातात. माडांच्या शेंड्यांवर उजेड आला, आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

फोन वाजला. एकदा, दोनदा. रोज इथे कापला जातो. आज वाजतच राहिला. त्याला बोलायचं होतं.

तो वर पोचला होता. तिला त्याच्याकडून तेवढंच कळायला हवं होतं, आणि त्या वाजण्यातून तेवढंही नक्की कळतं का, हे आता तिला ठाऊक नव्हतं. तिने फोन चटईवर उपडा ठेवला आणि वाजू दिला. शमिकाच्या बोटांत तिच्या कानाची पाळी होती, म्हणून ती हलली नाही.